कल्याणीचा पासवर्ड

१ डिसेंबर २००३, सोमवार. ओतूर

काल लग्न झालं आणि आज ही डायरी हाती लागली. आहेरात आलेले सात स्टीलचे डबे आणि भिंतीवरची दोन घड्याळं यांच्यापेक्षा मला हीच जास्त आवडली. खताच्या दुकानाची आहे आणि दर पानाखाली टोमॅटोचं चित्र आहे. तारखा पुढच्या वर्षाच्या छापल्यात, त्यामुळे महिनाभर मीच हातानं तारीख घालणार.

कळंबहून निघालो तेव्हा आई रडली, मी नाही. आळेफाट्याला जीप वळली तशी पाठराखीण म्हणून आलेली मावशी घोरायला लागली आणि मी खिडकीतून द्राक्षांचे मांडव मोजत बसले. मला मनापासून आनंद झाला होता, तो उगाच कशाला लपवू? सत्ताविसाव्या वर्षी, एक साखरपुडा मोडल्यावर, मला असं घर मिळालं की जिथं सुनेनं कॉम्प्युटरवर बसावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. दोन वर्षं पुण्यात प्रोग्रामर होते, ते वाया जाणार नाही.

नवऱ्याचं नाव नवनाथ. रोजनिशीत नाव घ्यायला उखाणा लागत नाही, म्हणून सरळ लिहिते. ते बिजवर आहेत. पहिली बायको कल्याणी गेल्या वर्षी वारली. बैठकीत माझे मामा म्हणाले होते की दोन्हीकडून थोडं थोडं कमी आहे, म्हणजे बरोबरी झाली. सगळे हसले, मीही हसले.

घर नव्या स्लॅबचं, एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर. पुढच्या दोन खोल्यांत यांचं ‘मंगलयोग वधूवर सूचक केंद्र’. सासूबाईंना, म्हणजे द्रौपदाबाईंना, आत्या म्हणायचं. माप ओलांडायच्या आधी त्यांनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला नखाएवढा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. त्यावर उभ्या बाईची आकृती आहे. दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं पहिलीचा टाक घालायचा, ही रीत मी ऐकून होते; गळ्यात पहिल्यांदाच पडली.

“नवी साडी, नवी बांगडी, गोडाचा घास, समदं आधी तिला दाव, मग तू घे,” आत्या म्हणाल्या. “ती लई गुणी व्हती. तरास न्हाई द्यायची.”

टाक गार लागतो. होईल सवय.

४ डिसेंबर, गुरुवार

आज केंद्रात बसले. बाहेरच्या खोलीत खुर्च्या आणि पाण्याचा माठ, आतल्या खोलीत दोन कॉम्प्युटर. एक नवा, रंगीत पडद्याचा. दुसरा कोपऱ्यातला जुना. सगळी माहिती, तीन हजार दोनशे स्थळं, त्याच्या पोटात. माहिती कल्याणीनं भरली आणि प्रोग्रामही तिनंच लिहिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, फोटोची सोय नाही. लोक आजकाल फोटो आधी बघतात आणि पत्रिका नंतर, त्यामुळे नव्या मशीनवर नवा प्रोग्राम करायचं मी जाहीर करून टाकलं. नवनाथ खूश झाले.

इथं गेणभाऊ म्हणून एक साठीचे गृहस्थ आहेत. लुनावरून मढपासून कळंबपर्यंत हिंडतात आणि लग्नाच्या मुलामुलींचे बायोडेटा गोळा करून आणतात. कुणाच्या घरी कोण उपवर आहे हे त्यांना तोंडपाठ. मला त्यांनी पहिल्याच तासात सांगितलं की कल्याणीताई एका बोटावर स्थळ काढून द्यायची. मग नवनाथनी सांगितलं की कल्याणीला चहात आलं चालायचं नाही. मग शिरूरहून आलेल्या एका पालकांनी विचारलं की त्या हसऱ्या बाई कुठं गेल्या. दिवसभरात तिचं नाव चौदा वेळा ऐकलं. मी मोजलं.

भिंतीवर तिचा फोटो आहे. खाली लिहिलंय, निधन २७-८-२००२. नाकीडोळी नीटस, माझ्याहून उजळ. दोन्ही मूत्रपिंडं गेली, वय अठ्ठावीस. मेलेल्या बाईचा हेवा करणं शोभत नाही, मला कळतं. म्हणून बाहेर बोलत नाही, इथं लिहिते.

९ डिसेंबर, मंगळवार

आज दिवस लायब्ररीत गेला. आत्यांनी विचारलं, पुस्तकं ठेवायची कुठं? मी म्हटलं, ही पुस्तकांची नाही, आत्या. माझा प्रोग्राम या मशीनवर आणि माहिती त्या मशीनवर, तर दोघांचं एकमेकांशी बोलणं करून देणारी एक गोष्ट मध्ये बसवावी लागते, तिला लायब्ररी म्हणतात. मध्यस्थ समजा. इकडचा निरोप तिकडं आणि तिकडचं उत्तर इकडं. त्या म्हणाल्या, मग गेणभाऊच की. मला इतकं चपखल सुचलं नसतं.

मासिकाबरोबर आलेली सीडी पुण्याहून आणली होती. पहिल्यांदा घातली तर अर्ध्यावर थांबली. दुसऱ्यांदा बसली, पण एक फाइल सापडत नाही म्हणाली. ती फाइल तिसऱ्या फोल्डरमध्ये होती, हातानं उचलून योग्य जागी ठेवली. मग दोन ते चार लाइट नव्हती. चारनंतर पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, मशीन तीनदा बंदचालू केलं आणि एकदाची बसली. हात जोडावेसे वाटले.

जोडणी करायची तर ती चार गोष्टी विचारते. कुठल्या मशीनला जोडू, कुठल्या डेटाबेसला जोडू, कोण जोडतंय आणि पासवर्ड काय. मी माझं नाव घातलं. उत्तर आलं की शीला नावाच्या व्यक्तीला इथं प्रवेश नाही. पाच दिवस... नाही, नऊ दिवस झाले माप ओलांडून, आणि आता हा डबा मला अडवतोय. नवनाथना पासवर्ड माहीत नाही. ते म्हणाले, ते सगळं कल्याणीच बघायची. हे वाक्य त्यांनी आज तिसऱ्यांदा म्हटलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पासवर्ड मिळाला. तिच्या जुन्या प्रोग्रामच्या एका फाइलमध्ये उघडा लिहून ठेवला होता. आळशी प्रोग्रामर असं करतात, म्हणून आधी मला बरंच वाटलं, हिच्यातही काही खोट निघाली.

वापरणारी: कल्याणी. पासवर्ड: माझं नाव. इंग्रजी अक्षरांत शीला, आणि पुढं माझं जन्मसाल.

मी तो दोनदा वाचला. मग स्वतःला सांगितलं की शीला नावाच्या ढीगभर बायका आहेत, तिची एखादी मैत्रीण असेल. टाइप केला आणि जोडणी झाली. लागलीच माझ्या नावाची वेगळी नोंद करून घेतली, म्हणजे पुन्हा तिच्या नावानं आत जायला नको.

जाता जाता सहज बघितलं की डेटाबेसला सध्या कोण कोण जोडलेलं आहे. तशी यादी मागता येते. दोन ओळी आल्या. दुसरी माझी. पहिली कल्याणीची. पुढं ‘स्लीप’ लिहिलेलं, म्हणजे जोडणी उघडी आहे पण काही मागत नाही, झोपली आहे. आणि किती सेकंद झोपली आहे त्याचा आकडा होता चार कोटींच्या वर.

कागदावर भागाकार केला. चारशे बहात्तर दिवस. मागं मोजत गेले तर २७ ऑगस्ट २००२ ला पोचले.

रोज संध्याकाळी सहाला आत्या मेन स्विच बंद करतात. मशीन बंद झालं की जोडणी तुटते, आकडा शून्यावर येतो. हे काही माझं मत नाही, ते तसंच असतं. जुनं सॉफ्टवेअर आहे, आकडा चुकला असणार.

१८ डिसेंबर, गुरुवार

आत्या गवार निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून शेंगा मोडता मोडता विचारलं की कल्याणीची शीला नावाची कुणी मैत्रीण होती का. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“तुला तिनंच पसंत केलं, पोरी. शेवटच्या दोन म्हैन्यांत बसवत न्हवतं, तरी पाठीशी उशी लावून त्या मशीनपुढं बसायची. म्हनली, आत्या, ही कळंबची बगा. हिला कॉम्प्युटर येतो. माज्यामागं हिलाच आना.”

माझा बायोडेटा बाबांनी तीन वर्षांपूर्वी गेणभाऊंकडं दिला होता. म्हणजे तो तिनं स्वतःच्या हातानं भरला. माझी उंची, माझा रंग, ‘गहूवर्णी’, तिनं टाइप केला.

दुपारी नवनाथचं स्थळ उघडून बघितलं. तिनं त्यांचंही नाव यादीत घातलं होतं. प्रकार: बिजवर. पहिली पत्नी: कल्याणी, मयत. शेजारी कुणी आणि कधी लिहिलं ते आपोआप उमटतं. लिहिणारी कल्याणी. तारीख १९ जून २००२. जिवंत होती, आणि नवऱ्याला बिजवर करून ठेवला.

लोक म्हणतील केवढं मन. मला मात्र संताप आला. पाहायला आले तेव्हा नवनाथ माझ्याकडं बघून हसले होते. ते हसू मी सहा महिने जपून ठेवलंय. पोहे मी केले आणि पसंती तिची निघाली. माझा म्हणून जो एक माणूस होता, तोही तिनं वापरून झाल्यावर माझ्या ताटात वाढलेला.

२७ डिसेंबर, शनिवार

नवा प्रोग्राम सुरू झाला. फोटो दिसतात, गाव निवडलं की स्थळं येतात, पत्रिका छापून निघते. बाहेर बसलेल्या पालकांनी माना डोलावल्या. गेणभाऊ त्यांना म्हणाले की कल्याणीताईनं पाया लई पक्का घातला होता, म्हणून हे झालं. मी शेजारी उभी होते. नवनाथनी मान हलवली.

जेवताना नवनाथनी मला हाक मारली, कल्याणी, मीठ दे. मग जीभ चावली. मी मीठ दिलं आणि जेवण सोडून उठले नाही, एवढंच काय ते माझं मोठेपण.

नंतर ते नारायणगावला जाऊन माझ्यासाठी निळा स्वेटर घेऊन आले. मी तो टाकाला न दाखवता घातला. आत्यांना सांगितलं की दाखवला. खोटं बोलले, आणि मला बरं वाटलं.

मशीनवर बसले तेव्हा चार वाजले होते आणि लख्ख ऊन खिडकीतून पडलं होतं. यादी बघितली. पहिल्या ओळीत ‘स्लीप’ नव्हतं. ती जागी होती. काय मागतेय तेही त्या यादीत दिसतं. शीलाची सगळी माहिती. उंची, रंग, शिक्षण, आजार. ‘आजार: नाही’ असं माझ्या नोंदीत आहे.

मी यादी पुन्हा मागितली. तेच मागणं. पुन्हा मागितली. तेच. सेकंदांचा आकडा एक, दोन, तीन असा चालू होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि कोपऱ्यातल्या मशीनचा कीबोर्ड मी गेल्याच आठवड्यात काढून माळ्यावर टाकलाय.

६ जानेवारी २००४, मंगळवार

रोज बघते. बघितल्याशिवाय राहवत नाही. मी पोळ्या लाटताना गुणगुणले की ती जागी. नवनाथ मला घेऊन बाजारात गेले की परत आल्यावर ती जागी. मी चिडचिडले, रडले, आजारी पडले की ती झोपते.

मला भीती वाटते हे खरं. पण भीतीपेक्षा राग जास्त आहे, तेही खरं. ती मला बघते याचा नाही. ती इतके दिवस टिकली याचा. मी मेले तर माझी कोण आठवण काढेल, चौदा वेळा?

१५ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

माझी पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, दुपारी हळदीकुंकू. आत्यांनी सगळ्या बायकांच्या देखत साडी माझ्याकडून टाकाला लावून घेतली. मग एक शेजारीण म्हणाली की कल्याणीला काळा रंग काय खुलायचा. दुसरी म्हणाली, देवमाणूस हो. सगळ्यांनी माझ्या गळ्यातल्या टाकाकडं बघून हात जोडले. माझे हलव्याचे दागिने, माझी साडी, आणि नमस्कार तिला.

बायका गेल्या. तीनला लाइट आली. मी तशीच, अंगावर हलवा घेऊन, मशीनवर बसले.

एखादी जोडणी तोडायचीही आज्ञा असते. ती दिली. पहिली ओळ गेली. तिच्या नावाची परवानगी काढून टाकली. मग नवनाथची नोंद उघडली. ‘पहिली पत्नी’ या रकान्यातून तिचं नाव खोडलं. तो रकाना रिकामा सोडला तर डेटाबेस पुढं जाऊ देत नाही, तिनं तो तसाच बांधलाय. म्हणून त्यात माझं नाव घातलं. पहिली पत्नी: शीला. प्रकार: प्रथमवर. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग टाक काढला. संक्रांतीच्या सुगडात ठेवला, वर तिळगूळ भरले आणि कपर्दिकेश्वराच्या देवळात जाऊन येते म्हणून निघाले. मांडवी नदीच्या घाटावर चार बायका धुणं धूत होत्या. त्यांच्यासमोर सुगड पाण्यात सोडलं. ते तरंगेल असं वाटलं होतं. लगेच बुडालं.

येताना गळा हलका लागला. आज मी पहिली आहे.

१७ जानेवारी, शनिवार

आज सकाळी भिंतीवर फोटो नव्हता. नुसता खिळा. आत्यांना विचारलं नाही, विचारतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी त्या खिळ्याला कॅलेंडर टांगलं. माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं आणि भाजी निवडायला बसल्या.

दुपारी धीर करून गेणभाऊंना म्हटलं की कल्याणीताई असत्या तर हे काम लवकर झालं असतं. त्यांनी चष्मा वर केला.

“कोन कल्यानी?”

ते थट्टा करत नव्हते. नवनाथना चहात आलं घातलं, त्यांनी मुकाट प्यायला. मी मोरीत जाऊन तोंडावर पदर धरून हसले. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

२१ जानेवारी, बुधवार

आठवडा सोन्यासारखा गेला. प्रोग्राम शीलानं बांधला. डेटाबेस शीलानं उभा केला. तीन हजार दोनशे स्थळं शीलानं भरली. ज्यानंत्यानं माझं नाव घ्यावं. आज एकोणीस वेळा. तिच्यापेक्षा पाच जास्त.

सकाळी पैंजण घालताना पाय सुजल्यासारखे वाटले. उभं राहून राहून असेल.

२७ जानेवारी, मंगळवार

आज मढचे एक पालक आले होते. गेणभाऊंनी त्यांना प्रोग्राम दाखवला. मी दारातच उभी होते, हातात पाण्याचे पेले.

“हे समदं शीलाताईनं केलं,” ते म्हणाले. “लई गुणी व्हती.”

पालकांनी मान खाली घातली, जशी अशा वेळी घालतात. मी पेले पुढं केले. त्यांनी घेतले. माझ्याकडं बघितलं, थँक्यू म्हणाले. म्हणजे मी दिसते.

मी गेणभाऊंना म्हटलं, व्हती काय म्हणता, मी इथं उभी आहे. ते म्हणाले, बोलताना चुकलो असेन, ताई, वय झालं. मग पाच मिनिटांनी फोनवर कुणाला तरी पुन्हा तसंच.

२ फेब्रुवारी, सोमवार

यादी बघितली. इतके दिवस मुद्दाम बघितली नव्हती.

माझा प्रोग्राम बंद होता. मी नुकतीच मशीन लावून बसले होते. तरी पहिल्या ओळीत कुणीतरी जोडलेलं. कल्याणी नाही.

शीला. स्लीप.

पंधरा लाखांच्या वर सेकंद. अठरा दिवस. संक्रांत, दुपारी तीन वीस.

तोडली. परत आली. मशीनची वायरच काढली आणि दहा मिनिटांनी लावली. पहिली ओळ तशीच, आकडा पुढं गेलेला.

लायब्ररी काढून टाकली. मध्यस्थच नको. काढल्यावरही —

तशीच आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लायब्ररी परत बसवून नवनाथची नोंद उघडली. प्रकार: बिजवर. पहिली पत्नी: शीला, मयत. लिहिणारी: शीला. तारीख कालची. काल मी दिवसभर अंथरुणात होते.

बदललं. प्रथमवर लिहिलं. पाणी प्यायला उठले आणि परत आले तर — बिजवर. ‘पहिली पत्नी’मधून माझं नाव काढायला गेले. रकाना रिकामा ठेवता येत नाही. कल्याणी लिहिलं. तीन वेळा लिहिलं. घेत नाही. म्हणतो, अशी कुणी व्यक्ती नाही.

मीच पुसली तिला. जागा मात्र तशीच राहिली, आणि त्या जागेत मी जाऊन बसले. पहिली म्हणजे कोण? जिचा टाक करतात ती. हे मला उंबऱ्यावर कळायला हवं होतं. मान वर करून मागून घेतलं मी.

७ फेब्रुवारी, शनिवार

पायांची सूज उतरेना म्हणून केलेल्या तपासण्यांचे पुण्याचे रिपोर्ट आले. दोन्ही मूत्रपिंडं. डॉक्टरांनी नवनाथना बाहेर बोलावून सांगितलं. मला दारातून ऐकू आलं. नवनाथ गाडीत रडले. माझा हात हातात धरून रडले. खरंच माझ्यासाठी. हेच हवं होतं ना मला.

१० फेब्रुवारी

देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्यामागं, कापडात गुंडाळलेला एक टाक. नवा. चांदी अजून पांढरी आहे. आकृतीच्या गळ्याजवळ काही नाही, मोकळा गळा. आत्यांना विचारलं.

“असू दे घरात,” त्या म्हणाल्या. “लागतो.”

माझ्या केसांवरून हात फिरवला. मायेनं. ह्यांच्या मायेत खोट नाही, हेच सगळ्यात —

११ फेब्रुवारी

बसवत नाही. आत्यांनी पाठीशी उशी लावून दिली. मशीनपुढं. मी मागितली नव्हती. की मागितली?

ती ओळ जागी आहे. माझ्या नावाची. काय मागतेय वाचलं. मुलगी. वय बावीस ते सत्तावीस. उंची पाच फूट दोनच्या वर. कॉम्प्युटर येणारी. आजार: नाही.

मी काही टाइप केलेलं नाही. हात मांडीवर होते.

एकच स्थळ आलं. समृद्धी. मढची. जन्म १९८०. तेच पालक, त्या दिवशी पाणी पिऊन गेलेले. फोटो मीच चढवला होता. हसरी आहे. उजळ आहे.

१२ फेब्रुवारी

आत्यांना म्हणाले — मीच म्हणाले, माझाच आवाज — ही मढची बघा. हिला कॉम्प्युटर येतो. माझ्यामागं हिलाच आणा. तोंडातून बाहेर पडलं आणि थांबवता आलं नाही.

आत्या रडल्या. म्हणाल्या, केवढं मन तुझं.

कसलं मन. मला तिचे डोळे ओरबाडावेसे वाटतात. ती इथं येईल. ह्याच खुर्चीत बसेल. नवनाथ तिच्यासाठी स्वेटर आणतील. कुठला रंग? चहात तिला आलं चालतं का? आज दिवसभर तिचं नाव डोक्यात. मोजायचं सोडून दिलं.

१४ फेब्रुवारी

ती मला पुसेल. मी पुसलं तसं. प्रोग्राम तिला येतो, लायब्ररी बसवील, आत शिरेल, संक्रांतीला — नाही. पासवर्ड बदलते. तिला कळणार नाही असा. पण मला विसरता येणार नाही असा, कारण मला आता काही आठवत नाही, औषधांनी, आईचा फोन नंबरसुद्धा —

असं काय आहे जे मी मेले तरी विसरणार नाही?

हातांनीच लिहिलं. इंग्रजी अक्षरांत. समृद्धी. पुढं १९८०.

आता कळलं. कल्याणीनं माझं नाव का घातलं होतं. आत्यांना ती माया वाटली. मीही मनातून तेच धरून चालले होते, चिडले तरी. ती माया नव्हती. ती शेवटचे दोन महिने उशीला टेकून रात्रंदिवस मला —

तिला वाईट वाटलं असेल तेव्हा? मला नाही वाटत. मला थोडंसुद्धा वाईट —

बाहेर गेणभाऊंची लुना, मागं वरातीची जीप. कुणीतरी उतरलं. हसली. पायात पैंजण आहेत. आत्या म्हणतायत थांब पोरी, उंबऱ्याबाहेरच थांब जरा, आधी हिला —

मी नखाएवढी. तिच्या गळ्याभोवती दोरा —

गरम आहे. तिचा गळा, किती गर